फिजिक्सची शिकवणी: घरी येणारे सर, छोटी बॅच, मोठा क्लास की ऑनलाइन?

नववी-दहावीच्या मुलाला फिजिक्स जड जातंय हे लक्षात आलं की मुंबईत पर्यायांची वाण नसते. दादर, विलेपार्ले, मुलुंड, बोरिवली, कुठल्याही स्टेशनाबाहेर पडा, क्लासच्या पाट्या दिसतातच. निवड मात्र बहुतेक घरांत फी, अंतर आणि शेजारच्या मुलाला पडलेले मार्क यांवर होते. इथे आम्ही तुलनेसाठी चौथा निकष धरला आहे: मुलाची चुकीची पायरी कोणाच्या नजरेला पडते, आणि किती लवकर?

हा निकष हवेतून काढलेला नाही. एकास एक शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो, असं अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली मांडलं. तो आकडा गाजला, पण पुढच्या अभ्यासांत एवढा मोठा फरक दिसला नाही. पालकांच्या जास्त उपयोगाचा आहे तो कर्ट व्हॅनलेन यांचा २०११ चा आढावा. त्यात माणसाने एकास एक शिकवल्याचा परिणाम ०.७९ प्रमाण विचलन इतका निघाला. म्हणजे १०० मुलांत मधोमध असलेलं मूल तळापासून मोजल्यास साधारण ७८व्या जागी पोचतं. प्रत्येक पायरी तपासणाऱ्या संगणक प्रणालींचा परिणाम ०.७६, जवळजवळ माणसाइतकाच. शेवटचं उत्तर चूक की बरोबर एवढंच सांगणाऱ्या प्रणालींचा परिणाम मात्र ०.३१ वर थांबला. शिकवणारा समोर बसलाय की पडद्यावर आहे याहून पायरी तपासली जाते की नाही, याने जास्त फरक पडतो.

आधी दुखणं ओळखा

फी विचारायला बाहेर पडण्याआधी घरी ४५ मिनिटं काढा. पुढचे सहा प्रश्न मुलाला द्या आणि प्रत्येक उत्तराखाली कारण किंवा आकडेमोड लिहायला सांगा. खोडरबर देऊ नका, चूक झाली तर एक रेघ मारून पुढे लिहू दे. पालकांना फिजिक्स येत नसलं तरी चालेल, कारण चुकीचं उत्तरच काय बिघडलंय ते सांगतं.

१. चेंडू सरळ वर फेकला. सर्वांत वरच्या बिंदूला त्याचा वेग शून्य असतो. तिथे त्याचं त्वरण किती?

२. दोन सारखे बल्ब एकसर जोडणीत आहेत. बॅटरीच्या धन टोकाजवळचा जास्त प्रकाशमान होईल की दुसरा?

३. बहिर्वक्र भिंगाने पडद्यावर प्रतिमा घेतली. भिंगाचा वरचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला तर प्रतिमेचं काय होईल?

४. ताशी ३६ किलोमीटरने जाणारी स्कूटर ब्रेक लावल्यावर सारख्याच मंदनाने ५ सेकंदांत थांबली. ब्रेक लावल्यापासून ती किती अंतर गेली?

५. ६ ओहम आणि ३ ओहमचे रोध समांतर जोडले. एकूण रोध किती?

६. २० अंश सेल्सिअसच्या २० ग्रॅम पाण्यात शून्य अंशाचा ५ ग्रॅम बर्फ टाकला. शेवटचं तापमान किती?

दहावीच्या मुलाला सातवाही द्या: बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर २० सेमी, वस्तू ३० सेमीवर. प्रतिमा कुठे आणि कशी? नववीच्या मुलाचा तिसरा आणि सहावा प्रश्न शिकवून झाला नसेल तर सोडून द्या.

आता उत्तरं. पहिल्यात ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, दिशा खाली. 'शून्य' आलं तर वेग आणि त्वरण (वेग बदलण्याचा दर) यांची गल्लत आहे. दुसऱ्यात दोन्ही बल्ब सारखेच. 'पहिला जास्त' असं उत्तर आलं तर विद्युतधारा वाटेत 'वापरली जाते' अशी मुलाची समजूत आहे. ही समजूत जगभरच्या मुलांत सापडते आणि नुसतं 'चूक आहे' असं सांगून जात नाही. तिसऱ्यात प्रतिमा पूर्णच राहते, फक्त तिचा उजेड कमी होतो. 'अर्धी दिसेल' म्हणणाऱ्या मुलाने किरणाकृती पाठ केलेली असते. वस्तूच्या एकाच बिंदूपासून निघालेले किरण भिंगाच्या सगळ्या भागांतून जातात, हे त्याच्या लक्षात आलेलं नसतं. या तिन्हींत चुकणाऱ्या मुलाची अडचण संकल्पनेत आहे.

चौथ्याचं उत्तर २५ मीटर. ९० आलं तर ३६ चे १० मीटर प्रति सेकंद न करताच सूत्रात घातले. पाचव्यात २ ओहम. अर्धा ओहम लिहिणाऱ्याने व्यस्तांची बेरीज बरोबर केली आणि शेवटी उलटवायला विसरला. ९ ओहम लिहिणाऱ्याने जोडणीच ओळखली नाही, तेव्हा ही दोन चुकीची उत्तरं एकाच खात्यात टाकू नका. सहाव्यात शून्य अंश: बर्फ वितळायला ५ गुणिले ८०, म्हणजे ४०० कॅलरी लागतात आणि पाणी थंड होताना नेमक्या ४००च देतं. १६ अंश आले तर अप्रकट उष्मा साफ विसरली गेली. सातव्यात प्रतिमा ६० सेमीवर, उलटी, दुप्पट. १२ सेमी आले तर वस्तूचं अंतर ऋण घ्यायचं राहिलं, कार्टेशियन चिन्ह संकेत कच्चा आहे. साठाव्या भागावर थांबलेल्या मुलाची चूक पाचव्या प्रश्नातल्या अर्ध्या ओहमसारखीच आहे, आणि ती गणिताची आहे.

तर दुखणी मुख्यतः तीन. संकल्पना उलटी बसलेली, गणिताचा पाया कच्चा (अपूर्णांक, एकक बदल, समीकरणात चल एका बाजूला घेणं), किंवा दोन्ही ठीक असून पेपरात मांडणी, वेळ आणि एककं सुटतात. सहाही उत्तरं बरोबर येऊन शाळेत मात्र ४० पैकी २२ पडतात ते मूल तिसऱ्या खात्यातलं. गणित कच्चं असलेल्या मुलाला फिजिक्सची शिकवणी लावून पैसे जातात आणि फिजिक्स तिथेच राहतं. त्याला आधी सहा आठवडे अपूर्णांक आणि समीकरणं द्या, मग पाहा.

घरी येणारे सर किंवा मॅडम

संकल्पनेच्या दुखण्यावर हा पर्याय सर्वांत जोरकस. मुलाच्या हातात पेन्सिल आहे, शेजारी बसलेला माणूस चिन्ह चुकताना पाहतो आणि पुढच्या ओळीआधी थांबवतो. मोठ्या क्लासमध्ये तीच चूक पंधरा दिवसांनी टेस्टच्या पेपरात लाल फुलीच्या रूपाने परत येते, तोवर ती हाताला वळण पडल्यासारखी पक्की झालेली असते.

बिघाड होतो तोही ठरलेल्या जागी. दोनेक महिन्यांत शिकवणी शाळेचा गृहपाठ उरकण्याची वेळ होऊन बसते. मूल 'सर आले की करू' म्हणत वही उघडत नाही. सर सोडवून दाखवतात, मूल उतरवून घेतं, वही सुंदर दिसते. यावर एकच नियम पुरतो: सर यायच्या आधी तीन गणितं मुलाने स्वतः करून पाहायची, अडलं तिथे प्रश्नचिन्ह करायचं, आणि तास त्या प्रश्नचिन्हांपासून सुरू व्हायचा. तिन्ही कोरी असतील तर त्या दिवशी नवं काही शिकवायचं नाही, असं सरांशी आधीच बोलून ठेवा.

एकच सर गणित, सायन्स, इंग्लिश सगळं घेणार असतील तर फिजिक्सला आठवड्याला किती मिनिटं उरतात ते विचारा. पावसाळ्याचंही आधीच ठरवा. जुलै-ऑगस्टमध्ये लोकल कोलमडली किंवा हिंदमाता-सायनला पाणी भरलं की तास बुडतो; त्या दिवशी तोच तास व्हिडिओ कॉलवर घ्यायचा, नाही तर त्याच आठवड्यात भरून काढायचा. आणि मुलाच्या स्वतःच्या शाळेतले सर घरी शिकवायला तयार असले तरी तो रस्ता टाळा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही. तुमच्या मुलाचे शाळेतले मार्क ज्यांच्या हातात आहेत त्यांनाच फी देणं सगळ्यांनाच अवघडात टाकतं.

इंजिनीअरिंगचा विद्यार्थी की निवृत्त शिक्षक, हा प्रश्न नेहमी येतो. विद्यार्थ्याची फी कमी असते आणि विषय त्याच्या डोक्यात ताजा असतो. पण तो सहज कलनशास्त्रात (कॅल्क्युलसमध्ये) शिरतो, आणि दहावीच्या पेपरात सूत्र, किंमती घालणं, उत्तर, एकक हे टप्पे वेगवेगळे लिहावे लागतात हे त्याला सांगावं लागतं. निवृत्त शिक्षकांना पेपर तळहातासारखा माहीत असतो, पण त्यांतले काही जण प्रश्नोत्तरं लिहवून घेण्यावर भर देतात. संकल्पनेसाठी विद्यार्थी आणि मांडणीसाठी शिक्षक, असा आमचा कल आहे.

चार-सहा मुलांची बॅच

चांगली चालली तर या बॅचमध्ये एक गोष्ट मिळते जी एकास एक शिकवणीत नाही: दुसऱ्याची चूक ऐकायला मिळते. 'धारा पहिल्या बल्बमध्ये संपते' असं एकाने म्हटलं आणि दुसऱ्याने 'मग पहिल्या बल्बला कसं कळतं दुसरा पुढे आहे?' असं विचारलं की तिसऱ्याचीही समजूत हलते. लाजाळू मुलाला इथे बोलायची सवय लागते.

अट एवढीच की मुलं एका बोर्डाची, शक्यतो एका इयत्तेची हवीत. स्टेट बोर्डाची तीन आणि आयसीएसईची दोन मुलं एकत्र बसवली की सरांचा अर्धा वेळ धडे जुळवण्यात जातो. दुसरी अडचण आकड्याची. जूनमध्ये पाच मुलांनी सुरू झालेली बॅच ऑगस्टमध्ये बारावर जाते. 'जास्तीत जास्त किती घेणार?' हे विचारून ठेवा आणि उत्तर आठच्या वर गेलं तर तिला मोठा क्लास समजूनच फी तोला.

मोठा क्लास

मोठ्या क्लासची खरी ताकद वेळापत्रकात आहे. धडे ठरल्या तारखेला संपतात, टेस्ट ठरल्या दिवशी होतात, जुने पेपर सुटतात. तिसऱ्या दुखण्याच्या मुलाला, ज्याला समजतं पण पेपरात निभत नाही, नेमकं हेच लागतं. त्यासाठीही वर्षभराचा प्रवेश आवश्यक नाही; नोव्हेंबर ते जानेवारी चालणारी नुसती टेस्ट सिरीज बहुतेक वेळा पुरते. मात्र तपासलेला पेपर पायरीनिहाय गुणांसह परत मिळतो का, आणि किती दिवसांत, हे पाहा. आठवड्याच्या आत येत नसेल तर तोवर मुलाला आपण काय विचार करून ते लिहिलं होतं हेच आठवत नाही.

संकल्पना बिघडलेल्या मुलासाठी मोठा क्लास आम्ही सुचवणार नाही. डाउट सेशन असतात, पण तिथे जायला आपल्याला काय कळलेलं नाही हे आधी कळावं लागतं. त्वरण शून्य असतं अशी खात्री असलेलं मूल शंका विचारायला कशाला जाईल?

फीबाबत एक लिखित आधार जवळ ठेवा. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ५० हून जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी ती आहेत. १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, प्रवेश माध्यमिक परीक्षेनंतरच व्हावा, आणि पूर्ण फी भरलेल्या विद्यार्थ्याने मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी, असं त्यांत म्हटलं आहे. अंमलबजावणी राज्यांकडे आहे, त्यामुळे नुसत्या तत्त्वांवर विसंबू नका. परताव्याची अट पावतीवर लिहून घ्या आणि वर्षाची फी एकरकमी भरू नका.

नववीपासूनच्या 'फाउंडेशन' कोर्सबद्दल (जेईई-नीटसारख्या प्रवेश परीक्षांची आधीपासून तयारी) थोडक्यात: सहाही प्रश्न बरोबर सोडवून जास्त मागणाऱ्या मुलालाच तो झेपतो. अशा मुलासाठी बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा किंवा ज्युनिअर सायन्स ऑलिंपियाडची पहिली पायरी असलेली परीक्षा यांची तयारी कमी खर्चात जास्त विचार करायला लावते. ऑलिंपियाडचं काम मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे आहे आणि जुने पेपर त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात.

ऑनलाइन, ॲप आणि चॅटबॉट

ऑनलाइन एकास एक शिकवणी घरच्या शिकवणीच्या अगदी जवळ जाते, पण एका अटीवर: शिकवणाऱ्याला मुलाची वही दिसली पाहिजे. लॅपटॉपचा कॅमेरा चेहरा दाखवतो, पेन्सिल दाखवत नाही. त्यासाठी दुसरा फोन टेबलावर साधारण ३० ते ४० सेमी उंचीवर, कॅमेरा खाली करून ठेवा. पुस्तकांच्या दोन चळतींवर फूटपट्टी आडवी टाकून तिच्यावर फोन टेकवला तरी भागतं. दिवा डाव्या बाजूला ठेवा म्हणजे उजव्या हाताची सावली वहीवर पडत नाही. डावखुऱ्या मुलासाठी उलटं. फोन मीटिंगमध्ये वेगळा जोडा आणि त्याचा माइक व स्पीकर बंद ठेवा, नाही तर आवाज घुमतो. एवढं करायला शिकवणारे तयार नसतील आणि नुसत्या स्लाइड दाखवणार असतील, तर ते मोफत व्हिडिओ पाहण्याहून फारसं वेगळं नाही.

प्रवास वाचतो हा मुंबईतला मोठाच फायदा. संध्याकाळी लालबागहून दादरला जाऊन-येऊन तासभर जात असेल, तर आठवड्यातून तीन वेळा जाणाऱ्या मुलाचे महिन्याला बारा-तेरा तास रस्त्यावर जातात.

रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आणि ॲप पहिल्यांदा समजून घ्यायला चांगले. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा ॲपवर उघडतात, कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातली अनेक सिम्युलेशन मराठीतही आहेत. गणित सोडवायला घेतलं की व्हिडिओ थांबवायचा, स्वतः करायचं, मग पुढे न्यायचा, एवढी शिस्त लागते, आणि पंधरा वर्षांच्या मुलाकडून ती एकट्याने क्वचितच पाळली जाते.

चॅटबॉट रात्री साडेदहालाही कंटाळत नाही, आणि नीट वापरला तर पायऱ्याही तपासतो. तो नीट वापरणं मुलाला शिकवावं लागतं. 'हे गणित सोडव' म्हटलं की तो सोडवून मोकळा होतो. त्याऐवजी आपल्या पायऱ्या टाइप करून 'उत्तर सांगू नकोस, कोणत्या पायरीवर चुकलं तेवढंच सांग' असं लिहायला शिकवा. आकृतीचा फोटो वाचताना तो चुकतो, कधी आकडेमोडही चुकवतो, आणि मराठी पाठ्यपुस्तकातल्या संज्ञा सोडून भलतेच शब्द वापरतो. त्याचं प्रत्येक उत्तर पुस्तकातल्या सोडवलेल्या उदाहरणाशी ताडून पाहायचं. या सेवांना वयाच्या अटी असतात; खातं पालकांच्या देखरेखीखालीच हवं.

पैशांचा हिशेब वेगळ्या मापाने

महिन्याची फी एकमेकींशी जुळवून पाहिली तर दिशाभूल होते. मुलाच्या वहीला किती मिनिटं मिळतात त्याने भागा. पुढचे आकडे फक्त रीत दाखवण्यापुरते आहेत, तुमच्या भागातले घाला.

समजा, घरी येणारे सर तासाला ६०० रुपये घेतात आणि तासातली ४० मिनिटं मुलाच्या स्वतःच्या कामावर जातात. मिनिटाला १५ रुपये. पाच मुलांच्या बॅचची महिन्याची फी २,५०० रुपये, आठवड्याला दोनदा दीड-दीड तास. एका बैठकीत तुमच्या मुलाच्या वहीला १० मिनिटं धरली तर आठ बैठकांत ८० मिनिटं, मिनिटाला ३१ रुपयांच्या आसपास. मोठ्या क्लासच्या वर्षाच्या फीत फिजिक्सचा वाटा ८,००० रुपये आणि वर्षभरात वैयक्तिक लक्ष जेमतेम ३० मिनिटं, तर मिनिटाला सुमारे २६७ रुपये.

यातून निघणारी गोष्ट बऱ्याच पालकांच्या ध्यानात येत नाही. 'घरी सर म्हणजे महाग' हे आठवड्याला दोन-तीन तास धरून म्हटलं जातं. आठवड्याला एकच तास ठेवा: महिन्याला २,४०० रुपये, लक्ष १६० मिनिटं, म्हणजे बॅचइतक्याच पैशांत दुप्पट. मधल्या सहा दिवसांत मूल स्वतः दहा-बारा गणितं करणार असेल तरच हे जमतं. करणार नसेल तर बॅच घ्या, कारण तिथे निदान आठवड्याला तीन तास वही उघडी राहते.

एक तास पुरतो का, हे बोर्डावर ठरतं. स्टेट बोर्डाच्या दहावीत विज्ञान भाग १ चा पेपर ४० गुणांचा. दहा धड्यांपैकी गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, प्रकाशाचे अपवर्तन आणि भिंगे हे पाच फिजिक्सचे, शिवाय अवकाश मोहिमांमध्येही गुरुत्वाकर्षणाचीच गणितं. धड्याला चार तास धरले तर वीस-बावीस आठवडे. जूनच्या मध्यापासून प्रिलिमपर्यंत गणपती-दिवाळी वगळून तेवढे मिळतात. सीबीएसईत प्रकाश, डोळा, विद्युत आणि चुंबकीय परिणाम असे चारच धडे, पण निम्मे प्रश्न क्षमताधिष्ठित असतात: परिच्छेद, विधान-कारण, अनोळखी प्रसंग. तिथे तास तेवढाच, गणितं वेगळी. आयसीएसईला फिजिक्सचा स्वतंत्र ८० गुणांचा पेपर असतो आणि बलाचे आघूर्ण, कप्प्या, ध्वनी, उष्मामापन, किरणोत्सर्ग असा पसारा असतो. आठवड्याला दोन तासांखाली भागत नाही, आणि फक्त स्टेट बोर्ड शिकवलेल्या सरांना कप्प्यांची दोन गणितं समोर ठेवून मगच विचारा.

ट्रायल तासात काय पाहायचं

मुलाने सोडवलेला तोच कागद शिकवणाऱ्यांच्या हातात द्या आणि गप्प बसा. '१२ सेमी कसे आले, सांग बरं' असं विचारणारा माणूस कामाचा. कागद बाजूला सारून नवं पान घेऊन स्वतः सोडवायला लागणारा हुशार असेल, पण मुलाची चूक त्याने पाहिलीच नाही. तासभर पेन जास्त वेळ कोणाच्या हातात होतं हेही मनात टिपा.

चांगला शिक्षक पुढे आकडा बदलून देतो. त्याच भिंगासमोर वस्तू १० सेमीवर आणली तर? उत्तर उणे २० सेमी येतं, प्रतिमा आभासी, सुलटी, दुप्पट. उणे चिन्हाचा अर्थ मुलाकडून वदवून घेतला, तर चिन्ह संकेत खरोखर शिकवला गेला. शेवटी गृहपाठ पाहा. वेगवेगळ्या धाटणीची चार-पाच गणितं असली तर ती विचार करून निवडलेली आहेत. 'स्वाध्याय पूर्ण करा' हे कोणीही सांगू शकतं.

मराठी माध्यमाच्या किंवा सेमी इंग्रजीच्या मुलासाठी, शिकवणाऱ्यांनी मुलाचंच पाठ्यपुस्तक उघडलं का, हेही बघा.

कोणत्याही पर्यायासोबत हे घरी हवंच

धारा आणि भिंग या दोन विषयांतल्या चुकीच्या समजुती हाताने केल्याशिवाय सहसा जात नाहीत, आणि बहुतेक शिकवण्या, कितीही चांगल्या असल्या तरी, वही-पेनावरच चालतात. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर २.५ व्होल्टचे दोन टॉर्चचे बल्ब, होल्डर, दोन सेलचा खोका, वायर आणि साधा डिजिटल मल्टिमीटर मिळतो. बल्ब तारेचेच मागा, एलईडी नको; एलईडी उलटी जोडली की पेटत नाही आणि मूल भलत्याच गोंधळात पडतं. दोन्ही बल्ब एकसर जोडून आधी पहिल्या बल्बच्या अलीकडे, मग दोघांच्या मध्ये, मग पलीकडे धारा मोजा. तिन्ही आकडे सारखे येतात.

टॉर्चच्या बल्बमधून ०.२ ते ०.३ अँपिअर धारा जाते आणि साध्या मीटरचा मिलिअँपिअरचा सॉकेट बहुधा २०० मिलिअँपिअरपर्यंतच असतो. म्हणून लाल वायर १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये लावा, नाही तर आतला फ्यूज उडतो आणि मीटर बिघडला असं वाटत राहतं. धारा मोजताना मीटर नेहमी बल्बसोबत एकसर. सेलच्या दोन टोकांना थेट लावायचा नाही. भिंतीच्या सॉकेटजवळ तर न्यायचाच नाही.

भिंगासाठी स्टेशनरीच्या दुकानातलं वाचायचं भिंग चालतं. दिवसा खोलीतले दिवे बंद करून खिडकीसमोरच्या भिंतीवर पांढरा कागद लावा आणि समोरच्या इमारतीची प्रतिमा त्यावर स्पष्ट होईपर्यंत भिंग मागे-पुढे करा. भिंग आणि कागद यांतलं अंतर म्हणजे जवळजवळ नाभीय अंतर. आता अर्धं भिंग झाका. इमारत पूर्णच राहते, उजेड कमी होतो. तिसरा प्रश्न तिथेच निकालात निघतो. सूर्याकडे भिंग धरायचं नाही, त्यातून पाहायचं तर मुळीच नाही.

सहा आठवड्यांनी

तीच चाचणी आकडे बदलून पुन्हा द्या, शिकवणाऱ्यांना न सांगता. ताशी ५४ किलोमीटरची स्कूटर ६ सेकंदांत थांबली: ४५ मीटर. ४ आणि १२ ओहम समांतर: ३ ओहम. ३० अंशाच्या ५० ग्रॅम पाण्यात १० ग्रॅम बर्फ: ११.७ अंश (२५ आले तर अप्रकट उष्मा अजूनही विसरली जाते आहे). नाभीय अंतर १२ सेमी, वस्तू ३६ सेमीवर: प्रतिमा १८ सेमीवर, उलटी, निम्मी. पहिल्या तीन प्रश्नांत मात्र प्रसंग बदला: उंच गेलेल्या झोक्याचा शेवटचा क्षण नको, तिथे दोरीचा ताणही येतो; चेंडूऐवजी उतारावर वर ढकललेली आणि क्षणभर थांबून परत येणारी खेळण्यातली गाडी घ्या. त्या क्षणीही त्वरण शून्य नसतं, उताराच्या दिशेने खाली असतं.

आधीच्या चुकांपैकी निम्म्या तरी गेल्या असतील तर पर्याय बरोबर लागला, तसाच चालू ठेवा. त्याच चुका त्याच जागी असतील तर आधी शिकवणाऱ्यांना दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवा आणि आणखी तीन आठवडे द्या. तरीही हललं नाही तर महिना संपताना बदल करा. दिवाळीच्या सुट्टीआधी बदललं तर नव्या माणसाला सुट्टीत मागचे दोन धडे धरता येतात. डिसेंबरनंतर माणूस बदलू नका. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात बोर्डाची परीक्षा सुरू होते, तोवर जुने पेपर वेळ लावून सोडवणं आणि ते पायरीनिहाय तपासून घेणं एवढंच करा.